जिभेचा माग : मांजराची केसगळती आणि त्वचेवरील जखमा

मांजराच्या पोटावर, मांड्यांच्या आतल्या बाजूला किंवा शेपटीच्या बुडाशी उघडी त्वचा दिसू लागते, तेव्हा बहुतेक वेळा तेथील केस आपोआप गळलेले नसून मांजरानेच चाटून, कुरतडून आणि उपटून काढलेले असतात, आणि रोगाचे निदान, त्यावरील उपचार व त्या उपचारांतून उद्भवणारे धोके या तिन्ही गोष्टी या एका वस्तुस्थितीशी बांधलेल्या आहेत. जळगाव–भुसावळ रस्त्यावरील नशिराबादसारख्या गावात मांजर सहसा एका घराचे नसते. ते एका घरी दूध पिते, दुसऱ्या घराच्या धाब्यावर झोपते आणि तिसऱ्या घरी भाव वाढण्याची वाट पाहत साठवून ठेवलेल्या कापसात पिल्ले घालते, त्यामुळे त्याच्या अंगावरचा चट्टा प्रथम कोणाच्या लक्षात यावा आणि औषधाचा खर्च कोणी करावा हे ठरत नाही व आजार बराच पसरल्यावर त्याची दखल घेतली जाते. मांजर मारणे हे मोठे पाप असून त्याच्या प्रायश्चित्तासाठी सोन्याचे मांजर दान करावे लागते, ही समजूत महाराष्ट्रात जुनी आहे. या समजुतीने मांजरांना अभय मिळाले, मात्र त्यांचे केस बाजूला सारून त्वचा पाहण्याची सवय काही लागली नाही.

मांजराच्या जिभेवर घशाच्या दिशेने वळलेले शेकडो बारीक काटे असतात आणि ते केराटिनचे, म्हणजे नखे, शिंगे व केस ज्यापासून बनतात त्या कठीण प्रथिनाचे बनलेले असतात. अमेरिकेतील अलेक्सिस नोएल आणि डेव्हिड हू या संशोधकांनी २०१८ मध्ये दाखवून दिले की या काट्यांची टोके पोकळ असतात, त्यांत तोंडातील लाळ आपोआप भरली जाते आणि चाटताना ती केसांच्या दाट थरातून थेट त्वचेपर्यंत पोहोचते. मांजर जागेपणीच्या वेळेचा मोठा हिस्सा या कामात घालवते. त्यातून मळ, सुटलेले केस आणि अंगावरचे परजीवी निघतात आणि लाळेचे बाष्पीभवन होऊन उन्हाळ्यात थंडावाही मिळतो. त्वचेला खाज सुटली की हेच साधन अंगाच्या नाशाला लागते. कुत्र्याला खाज आली तर तो मागच्या पायाने खाजवतो आणि ते घरभर ऐकू येते. मांजर मात्र कोठीच्या कोपऱ्यात किंवा खाटेखाली जाऊन निमूटपणे चाटत राहते, आणि म्हणून पाळणारी माणसे मांजर चाटत नसल्याचे छातीठोकपणे सांगत असली तरी पशुवैद्य त्यावर सहसा विसंबत नाहीत.

खरे उत्तर केसालाच विचारता येते. उघड्या पडलेल्या भागाच्या कडेचे काही केस चिमट्याने काढून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले असता त्यांची टोके निमुळती असतील तर केस मुळापासून सुटले आहेत, आणि टोके तुटलेली व फाटलेली असतील तर ती जिभेने व दातांनी तोडली आहेत, असे समजते. ही तपासणी काही मिनिटांची असून तिला सूक्ष्मदर्शकापलीकडे काही लागत नाही, तरीही ती जितकी केली जायला हवी तितकी केली जात नाही. सूक्ष्मदर्शक नसला तरी तळहात उलट दिशेने फिरवून पाहता येतो, कारण तोडलेले केस खुंटासारखे टोचतात. विष्ठेत केसांचे पुंजके दिसणे आणि वारंवार केसांचे गुंडाळे ओकणे हाही तसाच पुरावा होय. काही विरळपणा मात्र निरोगी मांजरातही असतो. डोळा आणि कान यांच्या मधल्या पट्ट्यात केस नैसर्गिकरीत्याच कमी असतात, ऋतू बदलताना सर्वांगावरचे केस थोडेफार गळतात, आणि तीव्र ताप किंवा विण्याच्या ताणानंतर काही आठवड्यांनी एकदम पुष्कळ केस सुटू शकतात. या अवस्थांत त्वचा स्वच्छ राहते, लाल होत नाही आणि तिच्यावर खपल्या धरत नाहीत.

खाजेच्या कारणांत पहिले स्थान पिसवांचे आहे. मांजर, कुत्रा आणि संधी मिळाल्यास माणूस या तिघांनाही चावणारी पिसू एकच असून तिचे शास्त्रीय नाव टेनोसेफॅलायडिस फेलिस असे आहे. मादी दिवसाला सुमारे ४० ते ५० अंडी घालते. ती अंडी गुळगुळीत असल्याने केसांत न अडकता मांजर जेथे झोपते तेथे गळून पडतात, त्यांतून निघालेल्या अळ्या उजेड टाळून जमिनीच्या भेगांत, गोधडीच्या घडीत किंवा धान्याच्या पोत्यांखाली शिरतात आणि प्रौढ पिसवांच्या वाळलेल्या, रक्तमिश्रित विष्ठेवर वाढून अखेरीस कोष विणतात. एखाद्या घरातील पिसवांच्या सर्व अवस्था मोजल्या तर मांजराच्या अंगावर त्यांपैकी जेमतेम ५ टक्के असतात आणि उरलेल्या घरात विखुरलेल्या असतात, हे लक्षात घेतले म्हणजे केवळ मांजराला औषध लावून पिसवा का संपत नाहीत हे कळते. कोषातील पिसू कित्येक महिने तशीच राहू शकते व उष्णता, पावलांची कंपने आणि श्वासातील कार्बन डायऑक्साइड यांची चाहूल लागताच बाहेर पडते. बंद घर महिन्या-दोन महिन्यांनी उघडले की पिंढऱ्यांना पिसवा डसतात त्याचे कारण हेच.

खानदेशच्या हवामानाचा या कीटकाच्या जीवनक्रमावर ठळक ठसा आहे. पिसवेच्या अळीला २० ते ३० अंश सेल्सिअस तापमान आणि दमट हवा मानवते. आर्द्रता ५० टक्क्यांखाली गेली किंवा तापमान दीर्घकाळ ३५ अंशांच्या वर राहिले की अंडी आणि अळ्या सुकून मरतात. जळगाव परिसरात मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या आसपास जातो आणि हवा अतिशय कोरडी असते, म्हणून अंगणातील किंवा खळ्यातील उघड्या मातीत पिसवांचे पीक या काळात जवळपास बंद पडते. मात्र मातीच्या जाड भिंतींची, धाब्याची घरे आतून थंड राहतात, आणि भर उन्हाळ्यातही ओलिताखाली असलेल्या केळीच्या बागांत सावली व ओल टिकून असते. मांजरे दुपारी नेमकी याच दोन ठिकाणी विसावतात. जूनअखेर पाऊस स्थिरावला की घराबाहेरची मातीही अंड्यांना अनुकूल होते, अंड्यापासून प्रौढ पिसू तीन-चार आठवड्यांत तयार होऊ लागते आणि श्रावण-भाद्रपदात मांजरांच्या पाठी उघड्या पडू लागतात. घरातील कापसामुळे अंगाला खाज सुटते ही तक्रार शेतकरी कुटुंबांत अपरिचित नाही. साठवलेल्या मालातील सूक्ष्म कोळी हे तिचे एक कारण असू शकते, पण त्याच ढिगावर मांजर झोपत असेल तर पिसवांचा विचार आधी करावा.

पिसवांमुळे होणारा त्रास त्यांच्या संख्येवर अवलंबून नसतो, ही बाब सर्वाधिक गैरसमज निर्माण करते. ज्या मांजराला पिसवेच्या लाळेतील प्रथिनांची ॲलर्जी असते, म्हणजे ज्याची रोगप्रतिकारयंत्रणा या निरुपद्रवी प्रथिनांविरुद्ध अतिरेकी प्रतिक्रिया देते, त्याला एक-दोन दंशही पुरेसे असतात, आणि असे मांजर इतके चाटते की डसणारी पिसू त्याच्याच पोटात गेलेली असते. त्यामुळे अंगावर पिसू सापडत नाही व निदान भलतीकडे वळते. मानेवर आणि पाठीवर बोट फिरवले असता बाजरीच्या दाण्याएवढ्या असंख्य खपल्या लागणे, आणि केस प्रामुख्याने कमरेवर, शेपटीच्या बुडाशी व पोटावर नाहीसे होणे, ही या ॲलर्जीची ठरलेली खूण आहे. बारीक दातांच्या फणीने केस विंचरून निघालेला काळा भुगा ओल्या पांढऱ्या कागदावर टाकावा. त्याभोवती तांबूस-तपकिरी वर्तुळ पसरले तर तो साधा मळ नसून पिसवांची विष्ठा आहे, कारण त्यात पचलेले रक्त असते. अशा मांजराच्या गुदद्वारापाशी किंवा अंथरुणावर तांदळाच्या कण्यांसारखे पांढरे तुकडे दिसल्यास ते डिपिलिडियम या पट्टकृमीचे असतात, जो पिसू गिळल्यामुळेच आतड्यात पोहोचतो, आणि तेव्हा जंताचे औषध स्वतंत्रपणे द्यावे लागते.

उपचार तीन आघाड्यांवर आणि किमान तीन महिने चालवावे लागतात, कारण घरातील कोष टप्प्याटप्प्याने फुटत राहतात. मानेमागे, जेथे जीभ पोहोचत नाही तेथे, त्वचेवर सोडण्याची फिप्रोनिल किंवा सेलामेक्टिनसारखी खास मांजरांसाठीची औषधे वजनानुसार दर महिन्याला द्यावीत. घरातील आणि शक्य असल्यास आळीतील प्रत्येक कुत्र्या-मांजरावर त्यांच्या त्यांच्या औषधाने एकाच वेळी उपचार व्हावेत. अंथरुणे गरम पाण्यात धुऊन कडक उन्हात वाळवावीत आणि खाटांखालची, कोठीतली व भिंतीच्या कडेची जागा रोज झाडून तो कचरा बाहेर टाकावा. पाच घरी फिरणाऱ्या मांजराबाबत दुसरी अट पाळणे अवघड असते हे खरे, पण तिच्याशिवाय उरलेल्या दोन अटींचे फळ एखाद्या पावसाळ्यापुरतेच मिळते.

खाज किंवा जखम शरीरावर नेमकी कोठून सुरू झाली, यावरून पुष्कळ गोष्टी उलगडतात. कानाच्या कडेपासून सुरू होऊन चेहरा, कपाळ व मान यांवर पसरणारा जाड, राखाडी खपल्यांचा थर आणि जीव नकोसा करणारी खाज दिसली तर ती खरूज असते. नोटोएड्रिस कॅटी हा आठ पायांचा सूक्ष्म कोळी त्वचेत बोगदे खणतो व मांजर अंग गोल करून झोपले की पंजांवर आणि शेपटीखालीही पोहोचतो. पशुवैद्य पात्याने त्वचा किंचित खरवडून तो सूक्ष्मदर्शकाखाली दाखवू शकतात. मांजराला कवेत घेणाऱ्यांच्या हातांवर व पोटावर लाल पुरळ उठते, पण हा कोळी माणसाच्या त्वचेत वंश वाढवू शकत नसल्याने मांजर बरे झाल्यावर ते पुरळही ओसरते. केवळ कानांमागे ओरखडे असतील आणि कानात काळपट कोरडा मळ साचला असेल तर दोष कानातल्या कोळ्याचा, म्हणजे ओटोडेक्टिस सायनोटिसचा, असतो. वरच्या ओठावर कडा उचललेला, न दुखणारा व्रण दिसल्यास ‘उंदीर चावला’ असे निदान घरोघरी केले जाते; वास्तविक तो इओसिनोफिल या ॲलर्जीशी निगडित पांढऱ्या रक्तपेशींच्या गर्दीमुळे होतो आणि त्याच्या मुळाशी पुन्हा बहुधा पिसवाच निघतात. पावसाळ्यात नाकाच्या दांड्यावर आणि कानांच्या बाह्य बाजूवर खपलीचे फोड येत असतील तर डासांच्या दंशाची ॲलर्जी संभवते. मांजराला आठवडाभर जाळी लावलेल्या खोलीत ठेवल्यावर ते सुकू लागले की वेगळ्या चाचणीची फारशी गरज उरत नाही.

पांढऱ्या मांजरांच्या कानांकडे खानदेशात विशेष लक्ष द्यायला हवे. मेलॅनिन हे काळे रंगद्रव्य सूर्यप्रकाशातील अतिनील किरण अडवते. पांढऱ्या केसांखालच्या गुलाबी त्वचेत ते नसते आणि कानांची टोके, पापण्या व नाक येथे केसांचे छत्रही विरळ असते. वर्षानुवर्षे धाब्यावर आणि ओट्यावर उन्हात पडून राहणाऱ्या अशा मांजराच्या कानाची कड प्रथम लालसर होते, मग तिच्यावर पापुद्रे धरतात, ती किंचित वळते, आणि अखेरीस न भरणारी, पुन्हा पुन्हा रक्ताळणारी खपली तयार होते. या टप्प्यावर बहुधा शल्कपेशींचा कर्करोग, म्हणजे त्वचेच्या वरच्या थरातील चपट्या पेशींचा कर्करोग, सुरू झालेला असतो. पांढऱ्या मांजरांत त्याचा धोका इतर रंगांच्या मांजरांपेक्षा कित्येक पटींनी अधिक असल्याचे नोंदले गेले आहे. तो दूरच्या अवयवांत उशिरा पसरतो, म्हणून कानाचा बाधित भाग वेळेवर शस्त्रक्रियेने काढला तर मांजर बरे होऊन पुढे वर्षानुवर्षे जगू शकते, आणि आखूड कानांनी त्याचे ऐकणे काही कमी होत नाही. भांडणात कान फाटला असावा असे समजून दोन-तीन उन्हाळे हळद लावत राहणे ही येथील सर्वांत महाग पडणारी दिरंगाई आहे. दुपारी मांजराला घरात ठेवणे हाच साधा प्रतिबंध. माणसांसाठीची ऊनरोधक मलमे वापरू नयेत, कारण त्यांतील झिंक ऑक्साइड व सॅलिसिलेट चाटल्यावर पोटात जातात.

गजकर्णाचा विचार मात्र खाजेपासून अलग करावा लागतो, कारण मायक्रोस्पोरम कॅनिस या बुरशीने बाधलेल्या मांजराला अनेकदा खाज येतच नाही. ही बुरशी केसातील केराटिनवर जगते, केस ठिसूळ होऊन त्वचेपाशी तुटतात आणि चेहरा, कान व पुढच्या पायांवर कोंडा असलेले गोलसर चट्टे पडतात; पिल्ले, अशक्त मांजरे आणि लांब केसांच्या पर्शियन जातीची मांजरे तिला लवकर बळी पडतात, तर काही प्रौढ मांजरे कोणतेही लक्षण न दाखवता तिची बीजे वाहत राहतात. अमेरिकन भौतिकशास्त्रज्ञ रॉबर्ट वुड यांनी १९०३ मध्ये तयार केलेल्या काचेतून मुख्यतः अतिनील किरण आरपार जातात; तिच्यावर आधारलेला ‘वुडचा दिवा’ अंधारात धरला की या बुरशीने ग्रासलेले केस हिरवट चमकतात. परंतु प्रत्येक बाधित केस चमकतोच असे नाही, उलट मलम आणि धूळही कधी चमकतात, म्हणून शंका उरल्यास केसांतील बुरशी पोषकद्रव्यावर वाढवून पाहावी लागते व त्याला दोन-तीन आठवडे जातात. उपचारात पोटातून इट्राकोनॅझोलसारखे औषध आणि बाहेरून बुरशीनाशक द्रवाने स्नान अशी दुहेरी योजना असते. तुटलेल्या केसांतील बीजे घरात वर्षभराहून अधिक काळ जिवंत राहू शकत असल्याने घर झाडून-पुसून स्वच्छ ठेवणे हाही उपचाराचाच भाग मानला जातो.

ही बुरशी मुलांना मांजराकडून होते, आणि पिल्लाला गळ्याशी धरणाऱ्या मुलाच्या मानेवर किंवा डोक्यात चट्टा उठला तर दोघांनाही एकदमच दाखवावे. मात्र अलीकडच्या काळात भारतात पसरलेला, जांघेत व कमरेभोवती ठाण मांडणारा हट्टी गजकर्ण हा मुख्यतः ट्रायकोफायटॉन या वेगळ्या बुरशीचा असून तो माणसाकडून माणसाला, एकत्र वापरलेल्या कपड्यांतून आणि पंचांतून होतो. त्याचे खापर घरातल्या मांजरावर फोडणे सोपे असले तरी न्याय्य नाही. तो हट्टी होण्यास औषधाच्या दुकानातून चिठ्ठीशिवाय मिळणारी स्टिरॉइडमिश्रित मलमेही कारणीभूत आहेत, जी खाज तात्काळ शमवतात पण बुरशीला मोकळे रान देतात. तीच अर्धी वापरलेली नळी पुढे मांजराच्या चट्ट्यावर पिळली जाते, आणि तेथे नुकसान दुहेरी होते.

बोक्यांच्या जखमा हा स्वतंत्र विषय आहे. विणीच्या हंगामात बोके रात्रभर झुंजतात. मांजराचा सुळा अणकुचीदार असल्याने त्वचेवरचे छिद्र लगेच मिटते, परंतु तोंडातील पाश्चुरेला आदी जिवाणू आत राहतात आणि दोन ते पाच दिवसांनी गाल, शेपटीचे बूड किंवा पायावर तापाबरोबर गळू उठते. ते फुटले की मोठा व्रण उघडा पडतो आणि तोवर कोणालाच काही कळलेले नसते. असे गळू पशुवैद्याकडून फोडून, धुऊन, प्रतिजैविके देऊन बरे होते. वारंवार चावे घेणाऱ्या बोक्यांत मांजरांच्या प्रतिकारशक्तीचा ऱ्हास करणारा विषाणूही चाव्यातून पसरतो. तो १९८६ मध्ये कॅलिफोर्नियातील पेटालुमा येथे सापडला असून माणसाला होत नाही, पण अशा मांजराच्या हिरड्या व त्वचा वर्षभर काही ना काही निमित्ताने चिघळत राहतात. खच्चीकरणाने भांडणे पुष्कळ कमी होतात. पावसाळ्यात उघड्या व्रणावर माश्या अंडी घालतात आणि दिवसाच्या आत त्यात किडे पडतात. येथे गुरांच्या जखमेत टर्पेंटाइन ओतण्याची रीत आठवते, आणि तीच मांजराला घातक ठरते.

टर्पेंटाइन, फिनेल, डांबराच्या गोळ्या, कापूर घातलेले तेल, निलगिरीचे तेल आणि ढेकूण मारण्याची भुकटी ही घरात हाताशी असलेली द्रव्ये मांजराच्या अंगावर पडतात तेव्हा ती त्वचेवर राहत नाहीत, कारण मांजर आपले अंग चाटून साफ करते आणि लावलेली प्रत्येक वस्तू तासाभरात त्याच्या पोटात पोहोचते. पुढचा अडथळा यकृतात आहे. फिनॉलवर्गीय व तत्सम पदार्थांना ग्लुक्युरॉनिक आम्लाची जोड देऊन ते पाण्यात विरघळण्याजोगे करणे आणि लघवीवाटे बाहेर टाकणे ही माणसाच्या यकृताची नित्याची पद्धत आहे. मांजरात त्यासाठी लागणाऱ्या एका महत्त्वाच्या विकराचे, म्हणजे रासायनिक क्रिया घडवून आणणाऱ्या प्रथिनाचे, जनुक निकामी झालेले आहे, हे मायकेल कोर्ट व डेव्हिड ग्रीनब्लाट यांनी २००० मध्ये दाखवले. शिकारीवर जगणाऱ्या या प्राण्याला वनस्पतींतील विषांशी फारसा सामना करावा लागला नाही म्हणून हे यंत्र झिजले, असे त्याचे स्पष्टीकरण दिले जाते. या उणिवेमुळेच माणसाच्या तापासाठीची पॅरासिटामॉलची ५०० मिलिग्रॅमची एक गोळी मांजराचा जीव घेऊ शकते : काही तासांत हिरड्या तपकिरी पडतात, चेहरा व पंजे सुजतात, आणि रक्त प्राणवायू वाहून नेण्यास असमर्थ ठरते. कुत्र्यांसाठीचे परमेथ्रिनयुक्त पिसवांचे औषधही मांजराला झटके आणते, व ते ‘थोडेसेच’ लावल्याने धोका टळत नाही.

गुरांसाठी आणलेल्या आयव्हरमेक्टिनच्या बाटलीतून मांजराची खरूज बरी करण्याचा प्रयत्न शेतकरी घरांत होणे स्वाभाविक आहे, कारण औषध खरोखर गुणकारी आहे. त्याच्या शोधासाठी विल्यम कॅम्पबेल व सातोशी ओमुरा यांना २०१५ चे नोबेल पारितोषिक मिळाले. अडचण मोजमापाची आहे. गुरांच्या १ टक्का द्रावणात दर मिलिलिटरला १० मिलिग्रॅम औषध असते. ३०० किलो वजनाच्या गाईला त्याचे ६ मिलिलिटर लागतात, आणि त्याच हिशेबाने ३ किलोच्या मांजराला ०.०६ मिलिलिटर, म्हणजे साध्या पिचकारीवर धड वाचताही न येणारे माप. हात जरा हलला तर मात्रा पाचपट होते, आणि लहान पिल्लांत ही चूक आंधळेपणा, थरथर व बेशुद्धीपर्यंत नेते. मांजरांसाठी तयार केलेले सेलामेक्टिन हेच काम कमी जोखमीने करते.

परजीवी, बुरशी व जखम यांपैकी काहीच सापडले नाही तर आहाराकडे वळावे. मांजर पक्के मांसाहारी आहे. दूध-पोळी किंवा दूध-भाकरीवर पोसलेल्या मांजराला पुरेशी प्रथिने, टॉरिन हे अमिनो आम्ल आणि प्राणिज चरबीतील अॅराकिडोनिक आम्ल मिळत नाही. रोजच्या प्रथिनांचा मोठा वाटा केस व त्वचेच्या निर्मितीवर खर्च होत असल्याने असे केस कोरडे, निस्तेज आणि विरळ होतात, शिवाय प्रौढ मांजरांना दुधातील साखर बहुधा पचत नाही. शाकाहारी घरात अंडे किंवा तयार मांजरखाद्य स्वीकारले जाते की नाही हा घरातल्यांचा प्रश्न आहे. उंदरांवर भिस्त ठेवण्याचा जुना मार्ग गिरण्या-गोदामांच्या आसपास अजून चालतो, पण विषारी गोळ्या खाल्लेल्या उंदरांमुळे तोही सुरक्षित राहिलेला नाही. याउलट कोंबडी, मासा यांसारख्या विशिष्ट प्रथिनाचीच ॲलर्जी असेल तर पूर्वी कधी न दिलेल्या मांसावर आठ आठवडे ठेवूनच ती ओळखता येते. या काळात शेजारच्या घरी मिळालेला माशाचा एक काटाही सर्व प्रयोग निष्फळ करतो.

‘मांजर मनाला लावून घेते म्हणून चाटते’ हे स्पष्टीकरण लोकप्रिय आहे आणि घरात नवे बाळ आले किंवा बिऱ्हाड बदलले की ते पटतेही. २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात मानसिक कारणाने केस उपटत असल्याचे समजलेल्या २१ मांजरांची कसून तपासणी झाली, तेव्हा त्यांपैकी १६ जणांत निव्वळ शारीरिक कारण आढळले, तिघांत दोन्ही आणि फक्त दोघांत केवळ मानसिक. म्हणजे मनाचा दाखला शेवटी द्यावा, प्रथम नव्हे.

पशुवैद्यकाचे महाराष्ट्रातील शिक्षण घोडे, बैल आणि दुभती जनावरे यांच्याभोवती वाढले. मुंबईचे पशुवैद्यकीय महाविद्यालय १८८६ चे आणि नागपूरचे १९५८ चे असले तरी मांजर हा त्यांच्या अभ्यासाचा विषय बऱ्याच उशिरा झाला. जिल्ह्यातील सरकारी दवाखान्यांवरही पशुधनाचाच भार असतो. ऑगस्ट २०२२ मध्ये त्या वर्षीच्या लम्पीच्या साथीतील राज्यातला पहिला रुग्ण रावेर तालुक्यातील चिनावल येथे आढळल्यावर कित्येक महिने त्यांना लसीकरणातून उसंत नव्हती. लम्पी हा गोवंशाचा रोग असून मांजराच्या अंगावरच्या गाठींशी त्याचा संबंध नाही, हे त्या काळात वारंवार सांगावे लागत होते. नशिराबादहून जळगाव जवळ असल्याने तेथील जिल्हा पशुवैद्यकीय सर्वचिकित्सालयात किंवा खासगी पशुवैद्याकडे मांजर नेणे शक्य असते, आणि नेताना हवा खेळती राहील अशी झाकणाची करंडी, चट्टा पहिल्यांदा दिसला त्या दिवसाचे छायाचित्र आणि आतापर्यंत लावलेल्या प्रत्येक पदार्थाचे नाव सोबत असावे. तेथे दीर्घकाळ टिकणाऱ्या स्टिरॉइडचे इंजेक्शन लगेच सुचवले गेले तर त्याआधी त्वचेची खरवड आणि बुरशीची तपासणी झाली आहे का हे विचारणे योग्य ठरते, कारण या इंजेक्शनाने चाटणे तर थांबते, पण बुरशी बळावू शकते आणि पुनःपुन्हा दिल्यास मांजराला मधुमेह होऊ शकतो. अनोळखी मांजराने चावा घेतला किंवा ओरखडले तर जखम साबणाने पंधरा मिनिटे वाहत्या पाण्यात धुऊन रेबीजच्या लसीसाठी त्याच दिवशी रुग्णालय गाठावे.

खाजेचे कारण नाहीसे झाल्यावर तीन-चार आठवड्यांत उघड्या त्वचेवर मऊ लव दिसू लागते आणि पूर्ण केस भरण्यास दोन ते तीन महिने लागतात. तोवर गळ्यात शंकूच्या आकाराची कॉलर ठेवावी लागली तरी जेवणाच्या वेळी ती काढून जवळ बसावे, कारण तिच्यामुळे मांजर खाणेच टाकते अशी उदाहरणे कमी नाहीत. सयामी जातीच्या मांजरात नवे केस आसपासच्या केसांपेक्षा गडद उगवतात आणि पाळणाऱ्यांना तो नवाच रोग वाटतो. या जातीत रंगद्रव्य तयार करणारे विकर थंड त्वचेतच काम करते, उघडी पडलेली त्वचा गार राहते, आणि केसांच्या पुढच्या फेरीत मूळचा फिका रंग परत येतो.